आधी गोळी बंद, मग तपासणी

रक्त, दुर्बीण, शौच आणि श्वास. एच. पायलोरी या पोटातल्या जंतूचा माग काढायच्या जेवढ्या वाटा आहेत, त्यातल्या बहुतेक माझ्या नशिबी आल्या. आणि कागद एकमेकांशी जुळेनात. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, एक पुन्हा पॉझिटिव्ह आणि एक तर धड इकडचा ना तिकडचा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी सांभाळते. दोन कागदांचा मेळ बसला नाही की मला अन्न गोड लागत नाही. त्यामुळे डॉक्टरांना मी जरा जास्तच पिडलं, पण मेळ का बसत नव्हता ते शेवटी कळलं. ज्यांच्या हातात असाच एखादा कागद आलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. मला जे सांगितलं गेलं आणि माझ्यावर जे झालं, तेवढंच यात आहे.

सुरुवात रक्तापासून झाली. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकतीच उरकली होती आणि ऑफिसात आरोग्य तपासणीचं पॅकेज आलं होतं. एकाच सुईत साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल आणि बरंच काही. त्यात तळाशी ‘एच. पायलोरी आयजीजी’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे ठळक अक्षरात पॉझिटिव्ह. त्याच कागदावर हिमोग्लोबिन ९.४. ते बारीक अक्षरात होतं, म्हणून त्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

त्रास तसा जुनाच. छातीच्या खाली मधोमध जळजळ, रात्री दोन-अडीचला जाग, आणि अलीकडे अर्ध्या भाकरीतच पोट गच्च. आमच्याकडे या दुखण्याचं निदान घरातच होतं. सासूबाई म्हणणार, शेंगाचटणी कमी कर. नवरा म्हणणार, चहा कमी कर. मी दोन्ही कमी करत नव्हते, त्याऐवजी रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल ही ॲसिडिटीची गोळी घेत होते. आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या खणात या गोळीची पट्टी असते. स्टेपलरच्या पिना संपतील, पण ती संपत नाही. मेडिकलमध्ये चिठ्ठी कुणी मागत नाही, आणि आपणही ते औषध मोजत नाही. ‘रोजचं काय औषध चालू आहे?’ असं विचारलं तर निम्मे लोक ‘काही नाही’ म्हणतील आणि त्यांना ते खरंच वाटत असेल.

रिपोर्ट बघून आमच्या डिस्पॅचचे अण्णा म्हणाले, “मॅडम, किट घ्या की वो. आमच्या मिसेसला तेच दिलते.” किट म्हणजे दोन अँटिबायोटिक आणि एक ॲसिडिटीची गोळी असं सात दिवसांचं तयार पाकीट. वहिनींचं मागच्या वर्षी असंच रक्त पॉझिटिव्ह आलं, किट घेतलं. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा पॉझिटिव्ह, म्हणून पुन्हा किट. आता तिसऱ्यांदा रक्त तपासायचं चाललं होतं.

मी किट घेतलं नाही, ते हिमोग्लोबिनमुळे. सात रस्त्याजवळ पोटाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी पॉझिटिव्हच्या ओळीवर नजरसुद्धा टाकली नाही. आधी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग विचारलं: वजन उतरलंय का, शौचाला डांबरासारखी काळी होते का, गिळताना अडकतं का, उलट्या होतात का, घरात कुणाला जठराचा कॅन्सर होता का. वजन थोडं उतरलं होतं. बाकी नाही.

मग मी तो कागद पुढे सरकवला. “हा जंतू आहे ना पोटात?”

“कधीतरी होता, एवढंच यातून कळतं. आत्ता आहे की नाही, ते यातून कळत नाही.”

रक्ताच्या तपासणीत जंतू शोधतच नाहीत. जंतूविरुद्ध आपल्या शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडीज मोजतात (कागदावरचं ‘आयजीजी’ हा त्यांचाच एक प्रकार). जंतू निघून गेला तरी ही प्रतिद्रव्यं महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. हे माझ्या चटकन ध्यानात आलं. जुन्या खतावणीत एखाद्या पार्टीचं नाव सापडलं, म्हणून आज तिच्याकडे येणं बाकी आहे असं थोडंच होतं? आपल्याकडे हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरातल्या घरात, एकमेकांच्या तोंडातून, उलटी-जुलाबातून, घाण पाण्यातून. नाव बहुतेकांच्या खतावणीत असणारच. आणि वहिनींच्या बाबतीत तर घोळ उघडच होता. उपचारानंतर जंतू गेला की राहिला हे बघायला रक्त तपासून उपयोगच नाही. जंतू गेला तरी ते बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकतं. पहिल्या किटनं जंतू गेलाही असेल, आणि दुसरं उगाच पोटात गेलं असेल.

रक्ताच्या तपासणीला एक गुण मात्र आहे, डॉक्टरांनी तोही सांगितला. ॲसिडिटीची गोळी चालू असो की अँटिबायोटिक, तिच्यावर परिणाम होत नाही. बाकी सगळ्या तपासण्यांवर होतो. या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नव्हतं.

हिमोग्लोबिन कमी आणि वजन उतरलेलं, म्हणून त्यांनी थेट एन्डोस्कोपी सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तरुण माणसाला नुसती जळजळ असेल आणि बाकी काही धोक्याचं लक्षण नसेल, तर दुर्बीण घालायची गरज नसते. श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुरते. पण माझं वय चव्वेचाळीस, रक्त कमी. आत व्रण आहे का, काही वेगळं वाढलंय का, हे डोळ्यांनी बघितलेलं बरं. गोळी पंधरा दिवस बंद करून या, असंही ते म्हणाले नाहीत. “बंद केली तर जंतूची तपासणी जास्त चांगली होईल. पण मला आधी आत बघायचंय, थांबायचं नाही. गोळी चालू आहे हे धरूनच तुकडे घेतो.”

एन्डोस्कोपीची भीती लोक फार घालतात. उपाशीपोटी सकाळी गेले. घशात एक फवारा मारला, कडू, आणि क्षणात जीभ दुसऱ्याचीच असल्यासारखी झाली. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत मधे भोक असलेला प्लॅस्टिकचा अडकवा दिला. सिस्टर म्हणाल्या, “लाळ गिळू नका, गालावरून वाहू द्या, नाकानं श्वास घ्या.” नळी घशातून उतरताना उमासा येतो, तो येतोच. त्यानंतर मात्र पोटात कुणीतरी हवा भरतंय एवढंच जाणवतं. तुकडे काढताना काहीच कळलं नाही. जठराच्या आतल्या अस्तराला चिमटा बसला तरी दुखत नाही म्हणे. पाचेक मिनिटांत नळी बाहेर.

तोंड पुसत उठले तेव्हा टेबलावर ती छोटी डबी दिसली. आगपेटीहून लहान, आत पिवळा जेलीसारखा पदार्थ आणि त्यात रुतवलेला जोंधळ्याच्या दाण्याहून बारीक तुकडा. हीच ती रॅपिड युरिएज टेस्ट. जठरातल्या आम्लात साधा जंतू टिकत नाही. हा टिकतो, कारण त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. ते युरिया फोडून अमोनिया तयार करतं, आणि अमोनियामुळे त्याच्या भोवतीचं आम्ल मारलं जातं. त्या पिवळ्या जेलीत युरिया आणि रंग बदलणारं द्रव्य असतं. तुकड्यात जंतू असला की अमोनिया होतो आणि पिवळ्याचं गुलाबी होतं. जंतू भरपूर असले तर तासाभरात, कमी असले तर उद्यापर्यंत वाट बघावी लागते.

मी बाहेर बाकावर बसून राहिले. पिवळं ते पिवळंच. दुसऱ्या दिवशी फोन केला, तरी पिवळं. निगेटिव्ह.

घरी आनंदीआनंद. सासूबाईंनी सिद्धेश्वराला नारळ बोलला होता, तो फोडायला निघाल्या. डॉक्टर म्हणाले, थांबा, बायोप्सी येऊ दे.

बायोप्सीसाठी त्यांनी एकाच जागचे तुकडे घेतले नव्हते. जठराच्या खालच्या टोकाकडून, म्हणजे अँट्रममधून घेतले होते आणि वरच्या मुख्य भागातूनही. एरवी हा जंतू खालच्या भागात जास्त सापडतो. पण ॲसिडिटीची गोळी रोज चालू असली की आम्ल कमी होतं, तिथली संख्या घटते, आणि जंतू वरच्या भागाकडे सरकून राहतो. डबीतला तुकडा खालच्या भागातला होता. त्यात जंतू इतके कमी उरले असणार की रंग बदलायला अमोनिया पुरला नाही.

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या काळात मी या जंतूचा इतिहास वाचून काढला, आणि तो तपासणीशी इतका जोडलेला असेल असं वाटलं नव्हतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथं रॉबिन वॉरेन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली, माझ्या पोटातून काढला तसल्याच तुकड्यांवर, वाकडे जंतू चिकटलेले दिसले. तोवर जठराच्या आम्लात जंतू राहूच शकत नाहीत अशी सगळ्यांची समजूत होती. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. त्यांनी प्रयोगशाळेत जंतू वाढवायचा प्रयत्न केला, पण दोन दिवसांत काही दिसलं नाही की ताटल्या फेकून दिल्या जायच्या. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत ताटल्या तशाच राहून गेल्या आणि सुट्टीनंतर बघतात तर जंतू उगवलेला. इतका तो सावकाश वाढतो. म्हणूनच आजही जंतू वाढवून बघायची तपासणी, म्हणजे कल्चर, सरसकट कुणी करत नाही. औषधं लागू पडेनात तेव्हा कुठलं अँटिबायोटिक चालेल ते बघायला ती किंवा जंतूच्या जनुकांची तपासणी कामी येते. पुढे १९८४ मध्ये मार्शल स्वतःच हा जंतू प्याले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या जंतूला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. हे वाचल्यावर अण्णांचं सात दिवसांचं पाकीट मला फारच हलकं वाटायला लागलं.

बायोप्सी आली. अस्तराला जुनी सूज, आणि गिम्सा नावाच्या रंगानं रंगवल्यावर वरच्या भागातल्या तुकड्यांत जंतू दिसले. खालच्या भागात नाहीत. म्हणजे एकाच दिवशी, एकाच पोटातून, डबी सांगत होती नाही आणि सूक्ष्मदर्शक सांगत होता आहे.

मी विचारलं, खरं कुठलं मानायचं? डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एकच ओळ लिहिली, ती मी अजून जपून ठेवलीय. “गोळी चालू असताना पॉझिटिव्ह आलं तर ते खरं धरायचं. निगेटिव्ह आलं तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही.” गोळी जंतूला दाबते, नसलेला जंतू निर्माण करत नाही. त्यामुळे चूक होते ती एकाच दिशेनं. रक्ताचं बरोबर उलट. तिथे पॉझिटिव्हवर फार विसंबायचं नाही, निगेटिव्हला मात्र अर्थ असतो. या दोन ओळी पॅकेजच्या कागदावर छापल्या असत्या तर किती लोकांची किटं वाचली असती.

उपचाराबद्दल थोडक्यात. चौदा दिवस, चार औषधं: ॲसिडिटीची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लीन आणि मेट्रोनिडॅझोल. आपल्याकडे या जंतूनं नेहमीच्या अँटिबायोटिकना बऱ्यापैकी दाद देणं सोडलंय, म्हणून कमी दिवसांचं, कमी औषधांचं पाकीट नको, असं त्यांचं म्हणणं. तोंडात सतत तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव. बिस्मथनं जीभ काळी, शौचाही काळी. आधी सांगितलं नसतं तर मी रक्तस्राव समजून सिव्हिल गाठलं असतं. दूध आणि टेट्रासायक्लीन एकत्र नको, आणि लोहाच्या गोळ्याही तिच्याबरोबर नकोत, म्हणून हिमोग्लोबिनचं औषध कोर्स संपेपर्यंत लांबवलं.

कोर्स संपला आणि खरी परीक्षा सुरू झाली. जंतू गेला का, हे लगेच बघता येत नाही. अँटिबायोटिक आणि बिस्मथ संपल्यावर किमान चार आठवडे थांबायचं, आणि त्यातले शेवटचे किमान दोन आठवडे ॲसिडिटीची गोळीही बंद. आधी तपासलं तर अर्धमेला जंतू लपून राहतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा डोकं वर काढतो.

ऐकायला सोपं आहे. वर्षभर रोज घेतलेली ती गोळी एप्रिलच्या सोलापुरात बंद करून बघा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गोळी अचानक थांबवली की जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त आम्ल सोडतं. म्हणजे जळजळ वाढली, तर जंतू राहिलाय असं समजायचं नाही. तरी रात्री दोनला उठून बसल्यावर तेच वाटतं. बाहेर पारा बेचाळीसच्या वर, पाणी चार-पाच दिवसांआड, आणि माझ्या गळ्यापर्यंत आंबट. पातळ अँटासिड चालेल म्हणाले होते, फारच झालं तर फॅमोटिडीन ही वेगळ्या जातीची ॲसिडिटीची गोळी, तेही तपासणीच्या आधी दोन दिवस बंद. मी ताक पीत, उशा उंच करून रात्री काढल्या. शेंगाचटणी तेव्हा मात्र खरंच बंद केली. सासूबाईंना वाटलं, शेवटी त्यांचंच खरं ठरलं.

आता शौच की श्वास? दोन्ही तपासण्या ‘आत्ता जंतू आहे का’ या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, आणि नीट केल्या तर दोन्ही चांगल्या. श्वासाची जरा वरचढ मानतात. मी जिथे जिथे विचारलं तिथे श्वासाची नव्हती, म्हणून शौचाची करायचं ठरलं. पण त्यातही दोन जाती आहेत हे मला डॉक्टरांनी बजावून सांगितलं. एक कार्डावरची, गरोदरपणाच्या तपासणीसारख्या रेघा उमटणारी, झटपट. दुसरी एलिसा, म्हणजे लॅबच्या यंत्रावर मोजून आकडा देणारी, मोनोक्लोनल (एकाच साच्यातल्या) अँटिबॉडी वापरणारी, जास्त भरवशाची. दोन्हीला बिलावर नाव एकच: ‘एच. पायलोरी स्टूल अँटिजेन’. अँटिजेन म्हणजे शौचात उतरलेले जंतूचे अंश.

लॅबच्या काउंटरवर मी विचारलं, “एलिसा आहे की कार्ड?”

“स्टूलची आहे ना ताई, तीच.”

“पण पद्धत कुठली?”

त्यानं आत जाऊन विचारलं, बाहेर येऊन सांगितलं की सॅम्पल बाहेरगावी जातं, तिकडे काय करतात माहीत नाही. “आणि गोळ्या वगैरे काही बंद करायची गरज नाही. फक्त डबी आणा.” मी तिथून निघाले. दुसऱ्या लॅबनं फोनवरच एलिसा सांगितली आणि वेळही दिली, कारण त्यांची थंड पेटी दुपारच्या गाडीनं पुण्याला निघत असे.

नमुना वाटाण्याएवढाही पुरतो. पण लघवी मिसळू द्यायची नाही, आणि पातळ जुलाब असतील तर तपासणी पुढे ढकलायची, कारण त्यात अँटिजेन विरळ होऊन उत्तर चुकतं. लगेच पोचवता आला नाही तर फ्रीजमध्ये ठेवायचा. हे वाक्य मी घरात मोठ्यानं वाचून दाखवायला नको होतं. फ्रीजमध्ये सासूबाईंचं देवाच्या नैवेद्याचं श्रीखंड होतं. “त्या फ्रीजला हात लावशील तर बघ,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी सकाळी लवकर उठून, डबी दोन पिशव्यांत, पिशव्या बर्फाच्या पुड्याबरोबर डब्यात घालून, स्कूटीवरून चार पुतळ्याच्या पुढे लॅबमध्ये नेऊन दिली.

रिपोर्ट आला: ‘इक्विव्होकल’. मर्यादेच्या जराशी आत, जराशी बाहेर. पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही. एलिसात असा एक मधला पट्टा असतो. मला तर हा प्रकारच मान्य नव्हता. ताळेबंदात ‘जमा की नावे, सांगता येत नाही’ असं लिहिलं तर ऑडिटर मला दारात उभं करेल का?

डॉक्टर शांत होते. थोडे दिवस जाऊ द्या, गोळी बंदच ठेवा, आणि श्वासाची करून टाका. पुण्यात माझा भाऊ राहतो. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस धरली, उपाशीपोटी. खिडकीतून कुर्डुवाडीला वडापाव आला तेव्हा डोळे मिटून घेतले.

पुण्याच्या त्या सेंटरचं मला एकच गोष्टीसाठी कौतुक आहे. पैसे घेण्याआधी त्यांनी फॉर्म दिला. शेवटचं अँटिबायोटिक कधी? शेवटची ॲसिडिटीची गोळी कधी, नाव काय? बिस्मथ? आज काही खाल्लं? तारखा घालून सही. इतक्या तपासण्या झाल्या, पण हे विचारणारे डॉक्टरांनंतर हेच पहिले.

श्वासाच्या तपासणीतही दोन प्रकार असतात, तेही तिथेच कळलं. युरियातल्या कार्बनवर खूण केलेली असते. ती खूण कार्बन-१४ ची असेल तर त्यात अगदी थोडा किरणोत्सर्ग असतो, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत. कार्बन-१३ मध्ये किरणोत्सर्ग नसतो. माझी कार्बन-१३ ची होती. आधी एका चांदीच्या रंगाच्या पिशवीत फुंकायला लावलं. फुगा फुगवतो तसं जोरात नाही, सावकाश, पोटातला शेवटचा श्वास येईपर्यंत. मग लिंबाच्या सरबतासारखं आंबट, त्यात युरिया विरघळवलेला, एक पेलाभर प्यायला दिलं. अर्धा तास एका जागी बसायचं, चालायचं नाही, पाणी नाही, बोलणंही कमीच. मग दुसरी पिशवी. जठरात जंतू असला तर त्याचं युरिएज हा युरिया फोडतं, कार्बन डायऑक्साइड रक्तात जाऊन फुप्फुसातून बाहेर पडतो, आणि दुसऱ्या पिशवीत खुणेचा कार्बन पहिलीपेक्षा वाढलेला दिसतो. पिवळ्या डबीत जे रंगानं बघितलं होतं, तेच इथे श्वासात मोजतात. फरक एवढाच की डबीत एका तुकड्यापुरतं कळतं, आणि इथे अख्ख्या जठराचा हिशेब येतो. जंतू वर सरकला काय आणि खाली राहिला काय.

दोन पिशव्यांतला फरक किती वाढला तर पॉझिटिव्ह, ही मर्यादा यंत्राप्रमाणे बदलते. माझ्या कागदावर ती ४ होती. माझा आकडा ०.६. मधला पट्टा नाही, काही नाही.

“मग ती स्टूलची चुकीची होती?” मी परत आल्यावर विचारलं.

“चुकीची नाही. तिला नक्की सांगता आलं नाही, आणि तसं तिनं लिहिलं. तो रिपोर्ट प्रामाणिक होता.” मला हे उत्तर पटायला दोन दिवस लागले.

खर्चाचं विचारतात, म्हणून सांगते: मला रक्ताची सगळ्यात स्वस्त पडली, मग शौचाची, मग श्वासाची (रेल्वेचं तिकीट वेगळं), आणि एन्डोस्कोपी-बायोप्सी सगळ्यात महाग. पण स्वस्तातल्या तपासणीमुळे अण्णांच्या घरी दोन किटं गेली, तीही जमेस धरा.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू ठेवल्या. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे सरकलंय. पॅन्टोप्रॅझोल पुन्हा रोजची सुरू करायची नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ऑफिसच्या खणातली पट्टी मी अजून फेकलेली नाही, कारण शेजारच्या टेबलावरून रोज कुणीतरी मागायला येतंच.

अण्णांच्या मिसेसचं तिसरं रक्त मी थांबवलं. त्यांना काळी शौचा, वजन उतरणं असलं काही नाही, म्हणून डॉक्टरांनी सरळ शौचाची तपासणी सांगितलीय. वहिनींची गोळी बंद केल्याला आठवडा झाला. काल अण्णा म्हणत होते, “मॅडम, रात्रभर झोपू देईना वो ती. एक गोळी दिली तर काय होतंय?” मी त्यांना पातळ अँटासिडची बाटली आणायला पाठवलं, आणि एलिसा करणाऱ्या लॅबचा नंबर दिला. थंड पेटी दुपारी निघते, डबी सकाळीच पोचवा, हेही सांगितलं. त्यांच्या फ्रीजचं त्यांनी बघावं.